आपलं घर या बँडमध्ये का? इंग्लंडमधल्या काउन्सिल टॅक्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या घरात सामान लावून होत नाही तोच दारातून काउन्सिलचं पाकीट आत पडतं. आत वर्षभराच्या रकमेचा आकडा असतो आणि त्याच्याजवळ घराचा बँड, म्हणजे एकच अक्षर: बी, सी, डी किंवा ई. आकडा पाहून पोटात गोळा येतो, त्यामुळे अक्षराकडे लक्षच जात नाही. पण तो आकडा त्या अक्षरातूनच निघालेला असतो. इथं नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर बसून ही बिलं वाचायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आपसूक येतं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडबद्दल शेवटाकडे वेगळं सांगितलं आहे.

काउन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच ना?

हेतू तोच. कचरा उचलणं, रस्ते, दिवे, वाचनालयं, वृद्धांची देखभाल, पोलीस आणि अग्निशमन यांच्या खर्चाचा एक भाग या करातून निघतो. पण दोन फरक मोठे आहेत.

पहिला फरक म्हणजे भरायचं कोणी. आपल्याकडे घरपट्टीची पावती मालकाच्या नावानं फाटते. इथं कर भरतो तो घरात राहणारा. अख्खं घर भाड्यानं घेतलं असेल तर बिल भाडेकरूच्या नावानं येतं, भाड्याच्या वर वेगळं. आम्ही इथं पहिलं घर घेतलं तेव्हा एजंटानं भाडं, डिपॉझिट, चाव्या, मीटर सगळं समजावून सांगितलं, पण काउन्सिल टॅक्सचा शब्दही काढला नाही. तीन महिन्यांनी साचलेली रक्कम एकदम समोर आली आणि त्या महिन्याचं सगळं गणित कोलमडलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, घर बघायला जाल तेव्हा भाड्याबरोबरच बँडही विचारा.

दुसरा फरक हिशेबाचा. आपल्याकडे चौरस फूट, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय असं मोजत मोजत प्रत्येक घराचा वेगळा आकडा काढतात. इथं तसं नाही. घरांचे आठच कप्पे, म्हणजेच बँड, आहेत, ए पासून एच पर्यंत. आपलं घर कुठल्या कप्प्यात बसतं एवढंच बघतात, आणि एका काउन्सिलच्या एकाच भागात एका कप्प्यातल्या सगळ्या घरांचं मूळ बिल सारखं असतं.

बँड काउन्सिल ठरवते का?

नाही. यात खूप लोकांची गल्लत होते आणि बिचारे महिनोन्‌महिने काउन्सिलला फोन करत राहतात. बँड ठरवतं व्हॅल्युएशन ऑफिस, म्हणजे केंद्र सरकारच्या महसूल खात्याच्या छत्राखालची यंत्रणा. एका बँडला किती पैसे लावायचे ते काउन्सिल ठरवते आणि वसुलीही तीच करते. त्यामुळे बँडबद्दल तक्रार असेल तर व्हॅल्युएशन ऑफिसकडे जायचं. सवलत, हप्ते, नाव, तारीख यांबद्दल काही असेल तर काउन्सिलकडे.

मग बँड नेमका कशावर ठरतो?

तुमचं घर १ एप्रिल १९९१ या दिवशी खुल्या बाजारात विकलं असतं तर काय किंमत आली असती, त्यावर. इंग्लंडमधल्या सीमा अशा आहेत:

ए: ४०,००० पाऊंडांपर्यंत
बी: ४०,००१ ते ५२,०००
सी: ५२,००१ ते ६८,०००
डी: ६८,००१ ते ८८,०००
ई: ८८,००१ ते १,२०,०००
एफ: १,२०,००१ ते १,६०,०००
जी: १,६०,००१ ते ३,२०,०००
एच: ३,२०,००० च्या वर

आज या भावात गॅरेजही मिळणार नाही अशा जागा आहेत. म्हणून हे आकडे पाहून पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. पण आजही हेच लागू आहेत. तुम्ही घर चार लाखांना घेतलंत की सहा लाखांना, याचा बँडशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो १९९१ साली आसपासच्या घरांच्या तुलनेत तुमचं घर कुठं बसत होतं याच्याशी.

इंग्लंडमधली सुमारे दोन तृतीयांश घरं ए, बी आणि सी या तीन बँडमध्येच आहेत. ईशान्य इंग्लंडात तर निम्म्याहून अधिक घरं एकट्या ए मध्ये आहेत. एच मध्ये शंभरात एकही घर येत नाही.

१९९१ च का?

त्याआधीच्या काही वर्षांत या देशात स्थानिक करावरून मोठं रण माजलं होतं. जुनी घरपट्टी, म्हणजे 'रेट्स', काढून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं माणशी कर आणला. स्कॉटलंडमध्ये १९८९ ला, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० ला. लोक त्याला पोल टॅक्स म्हणत. एका काउन्सिलच्या हद्दीत बंगल्यातला आणि खोलीतला बहुतेक सारखाच भरणार, हे लोकांना सहन झालं नाही. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचर पायउतार झाल्या. पुढच्या जॉन मेजर सरकारला नवा कर लवकरात लवकर उभा करायचा होता. १९९२ च्या कायद्यानं काउन्सिल टॅक्स आला आणि १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. मूल्यांकनासाठी त्याआधीची एक तारीख लागणार होती, ती १ एप्रिल १९९१ धरली.

तेव्हापासून इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकन झालेलंच नाही. २००७ साठी एक ठरलं होतं, ते २००५ मध्ये पुढं ढकललं आणि तिथंच राहिलं. कारण उघड आहे. फेरमूल्यांकनात ज्यांचा बँड खाली जातो ते गप्प राहतात आणि ज्यांचा वर जातो ते मतपेटीपर्यंत लक्षात ठेवतात. माझ्या मते हा अन्याय आहे. १९९१ नंतर लंडनच्या काही वस्त्यांचं रूप पार पालटलं, उत्तरेकडच्या कित्येक गावांत भाव त्या मानानं सरकलेच नाहीत, पण दोन्हीकडचे बँड मात्र त्या जुन्या दिवसालाच खिळलेले आहेत.

आमचं घर २०१९ साली बांधलं. त्याची १९९१ ची किंमत कशी असेल?

कल्पनेनं काढतात. हेच घर, याच जागी १ एप्रिल १९९१ ला उभं असतं तर काय भाव आला असता, असा विचार करायचा. त्यासाठी जवळपासच्या, तशाच आकाराच्या आणि प्रकारच्या, आधीच बँड मिळालेल्या घरांशी तुलना होते. आकार, मांडणी, घराचा प्रकार आणि वस्ती या गोष्टी बघतात. नव्या वसाहतीत पहिल्या काही घरांचे बँड लागले की बाकीच्यांचे त्याच ओळीनं लागत जातात. म्हणून नव्या घरात सुरुवातीलाच चूक झाली असेल तर ती एकट्या तुमच्या घरात न राहता अख्ख्या रांगेत असू शकते.

कर सुरू करताना पहिले बँड लावले, त्या वेळी प्रत्येक घर आतून बघितलं होतं का?

नाही, आणि आजच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे. इंग्लंडमध्ये सुमारे दोन कोटी घरं, आणि हातात थोडाच वेळ. सरकारी मूल्यांकनकारांच्या जोडीला खासगी इस्टेट एजंटही कामाला लावले. पुष्कळ घरं गाडी रस्त्यानं हळू चालवत बाहेरूनच बघितली गेली. म्हणूनच त्या मूल्यांकनाला इथं 'सेकंड गिअर व्हॅल्युएशन' हे नाव पडलं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना केलेलं. मागच्या बाजूनं घर किती आत गेलंय, वरच्या मजल्यावर किती खोल्या आहेत, हे रस्त्यावरून कसं दिसणार? कप्पे रुंद होते म्हणून बहुतेक अंदाज बरोबर बसले. पण सीमेजवळच्या घरांचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

घराची अवस्था वाईट आहे, ओल आहे, छप्पर गळतं. बँड कमी होईल का?

होणार नाही. मूल्यांकन करताना घर बऱ्यापैकी दुरुस्त अवस्थेत आहे असं कायद्यानंच गृहीत धरलेलं आहे. तसंच घर रिकामं आहे, फ्लॅट असेल तर ९९ वर्षांच्या लीजवर आहे, आणि जागेवर पुढं काही बांधता येईल याची किंमत त्यात धरलेली नाही, हेही गृहीत असतं. त्यामुळे जुनं स्वयंपाकघर काढून नवं बसवलंत तर बँड वाढत नाही आणि भिंतींचे पोपडे निघाले म्हणून तो उतरतही नाही. घर राहण्याच्या पलीकडे मोडकळीला आलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते यादीतूनच काढता येतं.

बँडवरून पाऊंडांचा आकडा कसा निघतो?

डी बँड हा पाया. काउन्सिल दरवर्षी डी बँडची रक्कम ठरवते आणि बाकीचे बँड त्याच्या नवमांशांत मोजले जातात: ए म्हणजे ९ पैकी ६ भाग, बी ७, सी ८, डी पूर्ण ९, ई ११, एफ १३, जी १५ आणि एच १८.

समजा तुमच्या काउन्सिलनं डी साठी २,२५० पाऊंड ठरवले. म्हणजे एक भाग २५० चा. मग ए चे १,५००, बी चे १,७५०, सी चे २,०००, ई चे २,७५०, एफ चे ३,२५०, जी चे ३,७५० आणि एच चे ४,५००. बँड एकानं चुकला तरी वर्षाला २५० ते ७५० पाऊंडांचा फरक पडतो, आणि तो दरवर्षी पडत राहतो.

या गणितात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. एच बँडचं घर ए बँडच्या घरापेक्षा किंमतीनं निदान आठ पट आहे, पण त्याचा कर फक्त तिप्पट. छोट्या घरात राहणाऱ्यावर त्याच्या घराच्या किंमतीच्या मानानं ओझं जास्त पडतं. मला हे पटत नाही, पण बिल वाचताना ठाऊक असायला हवं.

बिलावर काउन्सिलखेरीज इतरांचीही नावं दिसतात. पोलीस, अग्निशमन, काही ठिकाणी काउंटी काउन्सिल, खेड्यांत पॅरिश काउन्सिल. हे सगळे आपापला वाटा सांगतात आणि स्थानिक काउन्सिल तो एकत्र करून वसूल करते. सर्वसाधारणपणे एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते असतात. मागितलं तर बारा महिन्यांत विभागून मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे गेले नाहीत म्हणून काही चुकलं असं समजू नका.

मैत्रिणीचं घर लंडनमध्ये, माझ्यापेक्षा कितीतरी महाग. तरी तिचं बिल कमी कसं?

प्रत्येक काउन्सिलचा डी बँडचा दर वेगळा असतो म्हणून. वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थ या लंडनच्या दोन काउन्सिलांचे दर अनेक वर्षं देशात सर्वांत कमी राहिले आहेत, तर नॉटिंगहॅम आणि रटलंड यांची गणना सर्वांत महागांत होते. फरक दुपटीहून अधिक आहे. म्हणून दोन गावांतली बिलं समोरासमोर ठेवून बँडबद्दल काही ठरवू नका. तुलना करायची ती आपल्याच रस्त्यावरच्या घरांशी.

आणि शेजारचं घर हुबेहूब आमच्यासारखं, तरी त्यांचा बँड खालचा?

आता विचारलात तो खरा प्रश्न. कारणं तीन-चार असू शकतात. तुमच्या आधीच्या मालकानं घर वाढवलं असेल आणि तुम्ही विकत घेतल्यावर त्याचा हिशेब झाला असेल. तुमचं घर कोपऱ्यावरचं, मोठ्या प्लॉटचं असेल. शेजारचं घर बाहेरून सारखं दिसत असलं तरी आतून लहान असेल. किंवा दोघांपैकी एकाचा बँड चुकला असेल. ती चूक तुमच्याच घरात असेल असं मात्र समजून चालू नका.

बँड चुकलाय असं वाटलं तर काय करायचं?

अर्ज सर्वांत शेवटी करायचा. आधी घरी बसून दोन गोष्टी तपासा, दोन्ही फुकट आहेत.

पहिली, शेजाऱ्यांचे बँड. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की रस्त्यावरच्या प्रत्येक घराचा बँड दिसतो. ही माहिती जाहीरच आहे, कुणाच्या खासगीत डोकावल्यासारखं होत नाही. आकारानं, वयानं, प्रकारानं तुमच्यासारखी घरं निवडा. सेमी-डिटॅच्डची (एका बाजूनं जोडलेल्या घराची) तुलना सेमी-डिटॅच्डशी, टेरेसची (रांगेत चिकटून असलेल्या घराची) टेरेसशी. रस्ता छोटा असेल तर शेजारच्या रस्त्यावर जा. एक घर खाली आहे म्हणून हुरळून जाऊ नका. चार-पाच सारखी घरं खाली आणि तुम्ही एकटे वर असाल, तर पुढं विचार करायला जागा आहे.

दुसरी, १९९१ च्या सुमाराची किंमत. तुमच्या किंवा तशाच घराची जुनी विक्री शोधा आणि घरांच्या भावाचा निर्देशांक वापरून ती मागं न्या. लँड रजिस्ट्री, म्हणजे घर-जमिनीची सरकारी नोंदणी, हिच्या विक्रीच्या जाहीर नोंदी १९९५ पासूनच्या आहेत, त्यामुळे त्याआधीचं जुन्या कागदपत्रांत, ग्रंथालयातल्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत किंवा जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणीत शोधावं लागतं. एक सावधगिरी ठेवा. १९८९ नंतर, विशेषतः दक्षिण इंग्लंडात, घरांचे भाव चांगलेच उतरले होते. त्यामुळे १९९५ ची विक्रीकिंमत १९९१ पेक्षा कमी असू शकते. १९९५ चा आकडा पाहून 'आपला बँड खालचा असायला हवा' असं ठरवलंत तर फसाल.

दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच पुढं जा. एकच जुळत असेल तर थांबा. मी तरी थांबायला सांगते.

पुढं दोन वाटा आहेत. तुम्ही त्या घराचा कर भरायला लागून सहा महिने झाले नसतील, तर सहसा औपचारिक आव्हान देण्याचा हक्क तुम्हाला आहे. व्हॅल्युएशन ऑफिसनं मागच्या सहा महिन्यांत बँड बदलला असेल, घराचा काही भाग पाडला असेल, एका घराची दोन केली असतील किंवा वस्तीचं रूप प्रत्यक्ष बदललं असेल, तरीही हा हक्क मिळतो. आव्हान फेटाळलं गेलं तर निकालापासून तीन महिन्यांत स्वतंत्र व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

सहा महिने उलटून गेले असतील तर फेरतपासणीची विनंती करायची. ती कधीही करता येते, पण पुरावा भक्कम हवा: पाचपर्यंत सारख्या घरांचे पत्ते आणि बँड, किंवा १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळातल्या सारख्या घरांच्या विक्रीकिंमती. निर्देशांकावरून काढलेला तुमचा अंदाज इथं पुरावा म्हणून चालत नाही. तो तुमच्या स्वतःच्या खात्रीसाठी.

आणि हे सगळं चालू असताना हप्ते भरत राहा. अर्ज केलाय म्हणून हप्ते थांबवले तर थकबाकीची कारवाई होते.

बँड वाढण्याचा धोका खरंच आहे का?

आहे. तुम्ही तपासायला सांगितलंत की निकाल तिन्ही बाजूंना जाऊ शकतो: कमी, आहे तोच, किंवा जास्त. शेजाऱ्यांचे बँडही बदलू शकतात. ओळखीतल्या एका कुटुंबानं फक्त पलीकडच्या एका घराकडे बघून अर्ज केला. चूक निघाली ती त्या पलीकडच्या घरात. त्यांचा बँड वर गेला, यांचा तसाच राहिला, आणि कुंपणावरून होणारं बोलणं बंद पडलं. रोज तोंडं दिसणारी माणसं ती. म्हणून आधी तपासा असं मी एवढं घोळून घोळून सांगते.

जुनी चूक दुरुस्त होऊन बँड वाढला तर वाढ सहसा नोंद बदलली त्या दिवसापासून लागते, मागची वसुली होत नाही. कमी झाला आणि चूक सुरुवातीपासूनची असेल तर तुम्ही त्या घराचा कर भरायला लागल्यापासूनचा फरक परत मिळतो. वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्यांना तो हजारांत जातो.

कोणी फोन करून किंवा दारात येऊन 'आम्ही तुमचा बँड कमी करून देतो, मिळेल त्यातला हिस्सा द्या' म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. अर्ज फुकट आहे, आणि जो पुरावा ते देणार तो तुम्हीही एका संध्याकाळी जमवू शकता.

लॉफ्ट कन्व्हर्जन (माळ्यावर खोली) किंवा मागं एक्स्टेन्शन (वाढीव बांधकाम) केलं तर बँड लगेच वाढतो का?

तुम्ही त्या घरात आहात तोवर नाही. घर वाढवल्यामुळे किंमत वाढली तरी बँडचा फेरविचार होतो तो घर विकल्यावर. म्हणजे खोली तुम्ही बांधायची आणि वाढीव बँड पुढच्यानं भरायचा, असा प्रकार आहे. म्हणूनच वाढवलेलं घर विकत घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायला हवेत. सरकारी यादीत घराच्या नोंदीपाशी 'इम्प्रूव्हमेंट इंडिकेटर' असेल तर समजा, विक्रीनंतर या घराचा बँड तपासला जाणार. तो वाढेलच असं नाही. वाढलेली किंमत १९९१ च्या भावात पुढची सीमा ओलांडत असेल तरच वाढतो.

आई-वडिलांसाठी अंगणात वेगळी खोली बांधली तर?

त्यात स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असेल आणि ती स्वतंत्र राहण्याजोगी असेल, तर तिला वेगळा बँड मिळतो आणि वेगळं बिल येतं. नुसती बैठकीची किंवा झोपायची खोली असेल तर नाही. पण घाबरू नका. तिथं राहणारे तुमचे नातेवाईक ६५ वर्षांवरचे किंवा अपंग असून तुमच्यावर अवलंबून असतील तर तो कर माफ होतो. कुटुंबातलं इतर कोणी राहत असेल तरी ५० टक्के सवलत आहे. दोन्ही मागावं लागतं, आपोआप मिळत नाही.

सवलती कोणत्या? आणि व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' आहे, मग घेता येतात का?

या प्रश्नावर लोक उगाच पैसे घालवतात. व्हिसावरची ती ओळ, म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही ही अट, वाचून भीतीनं काहीच मागत नाहीत. घरात हिशेबात धरलेला प्रौढ एकच असेल तर मिळणारी २५ टक्के सूट ही पब्लिक फंड नाही. विद्यार्थ्यांची माफीही नाही. दोन्ही निःशंक मागा. कमी उत्पन्नामुळे मिळणारं 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' मात्र पब्लिक फंड आहे, त्याला हात लावू नका, पुढच्या व्हिसाला अडचण येईल. नावं एकसारखी वाटतात म्हणून काउन्सिलशी बोलताना 'सिंगल पर्सन डिस्काउंट' हाच शब्द वापरा.

सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घर पूर्ण माफ. विद्यार्थी आणि नोकरी करणारा एक जण असेल तर विद्यार्थी हिशेबात धरत नाहीत आणि २५ टक्के सूट मिळते. विद्यार्थ्याचा ब्रिटिश नागरिक नसलेला जोडीदार, ज्याच्या व्हिसाच्या अटींनुसार नोकरी करायला किंवा सरकारी मदत घ्यायला बंदी आहे, तोही हिशेबात धरत नाहीत. हे फार थोड्यांना माहीत असतं. नवराबायकोपैकी एक शिकत आहे अशा घरी मी हे आधी सांगते.

घरातल्या अपंग व्यक्तीसाठी वेगळी खोली, जास्तीचं न्हाणीघर किंवा आत व्हीलचेअर फिरवायला जागा लागत असेल तर एक बँड खालचं बिल लागतं. ए बँडवाल्यालाही त्याच प्रमाणात कमी होतं.

मी एकटी राहते. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले तर २५ टक्के सूट जाते का?

कसोटी आहे 'एकमेव किंवा मुख्य निवासस्थान' कोणतं, ही. आई-बाबांचं घर, संसार, सगळं भारतात असेल आणि ते पाहुणे म्हणून आले असतील तर साधारणपणे ते इथले रहिवासी धरले जात नाहीत. मनात शंका असेल तर काउन्सिलला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. मात्र भाऊ नोकरीसाठी येऊन तुमच्याकडेच राहू लागला तर त्याच आठवड्यात कळवा.

आम्ही पाच जण एका घरात एकेक खोली भाड्यानं घेऊन राहतो. प्रत्येक खोलीला बँड लागतो का?

पूर्वी काही ठिकाणी लागायचा आणि खोलीत राहणाऱ्याला अख्ख्या घरासारखं बिल यायचं. १ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये अशा घराला एकच बँड लागतो आणि कर घरमालक भरतो.

वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हेच नियम आहेत का?

चौकट तीच, आकडे वेगळे. वेल्सनं २००३ च्या किंमतींवर फेरमूल्यांकन करून २००५ पासून नवे बँड लावले आणि वर आय हा नववा बँड जोडला. त्यात सुमारे एक तृतीयांश घरं वरच्या बँडमध्ये गेली. तिथं ए ची सीमा ४४,००० पाऊंड. पुढचं फेरमूल्यांकन २०२८ साठी ठरलं आहे. स्कॉटलंडमध्ये अजून १९९१ च आहे, पण ए ची सीमा २७,००० आणि एच २,१२,००० च्या वर. बँड ठरवतात तिथले असेसर, म्हणजे मूल्यांकन अधिकारी. २०१७ पासून ई ते एच ला तिथं जादा पट लागते. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये बँडच नाहीत. तिथं जुने रेट्स चालू आहेत, २००५ च्या किंमतीवर.

मोठ्या घरांवर नवा कर येणार आहे म्हणे?

इंग्लंडमध्ये २० लाख पाऊंडांवरच्या घरांना एप्रिल २०२८ पासून वर्षाला २,५०० ते ७,५०० पाऊंड अधिभार लावण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. तो मालकानं भरायचा आहे. तुमचाआमचा बँड त्यानं बदलत नाही.

घर विकत घेतोय. सही करण्याआधी बँडचं काय बघू?

पोस्टकोड टाकून बँड स्वतः बघा, जाहिरातीतल्या अक्षरावर विसंबू नका. त्याच नोंदीत इम्प्रूव्हमेंट इंडिकेटर आहे का ते पाहा. असेल तर एक बँड वरचं बिल धरून महिन्याचं गणित मांडा. मागच्या अंगणातल्या खोलीला वेगळा बँड आहे का, ते विचारा. रस्त्यावरची चार सारखी घरं पाहून ठेवा आणि ती यादी जपून ठेवा. चाव्या मिळाल्या की सहा महिन्यांचं घड्याळ सुरू होतं, आणि नव्या घराच्या धावपळीत ते कधी संपतं ते कळत नाही. मी कॅलेंडरवर पाचव्या महिन्याला खूण करायला सांगते.